ट्रॅमिंग गेज (वर्कशॉपात घडवलेले)

उभ्या मिलिंग मशीनचा स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) टेबलाला काटकोनात आहे की नाही, हे तपासण्याचे साधन. स्पिंडलच्या कोलेटमध्ये (पकडीत) धरायची दांडी, तिला आडवी बसवलेली पट्टी आणि पट्टीच्या एका किंवा दोन्ही टोकांना डायल (सूक्ष्म उंच-सखलपणा काट्याने दाखवणारे डायल गेज), एवढीच त्याची रचना. तयार गेज बाजारात मिळते. तथापि नागपुरात हिंगणा व बुटीबोरी एमआयडीसीतील लहान जॉबवर्क करणारे ते अनेकदा शॉपमधल्या उरलेल्या मालातूनच करून घेतात.

पूर्वपीठिका : मिलिंग मशीनच्या उगमाबाबत मतभेद आहेत. सुमारे १८१८ चे मानले जाणारे एक यंत्र अमेरिकी संशोधक एली व्हिटनी यांचे व बहुधा जगातील पहिले, असे यंत्र-इतिहासकार जोसेफ रो यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मांडले. रॉबर्ट वुडबरी प्रभृती इतिहासकारांनी पुढे सिमियन नॉर्थ, रॉबर्ट जॉन्सन, जॉन हॉल आदी बंदूकनिर्मात्यांनाही हे श्रेय वाटून दिले. उपलब्ध पुराव्याशी हे दुसरे मत अधिक जुळते. प्रस्तुत साधनापुरता मात्र हा वाद गौणच, कारण ती यंत्रे आडव्या स्पिंडलची होती. स्पिंडल धरणारे हेडच कलते झाल्यावर ते पुन्हा सरळ करण्याची गरज नित्याची झाली, आणि असे टरेट मिलिंग मशीन सर्वत्र पसरले ते अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे १९३८ मध्ये तयार झालेल्या यंत्रानंतर. आपल्याकडे त्या घडणीची यंत्रे ‘एम-वन-टीआर’ म्हणून ओळखली जातात. डायल गेज त्याहून जुने. अमेरिकेतील वॉल्थम येथील जॉन लोगन यांचे पेटंट १८८३ चे आहे. यंत्रांच्या अचूकतेच्या चाचण्या सूत्रबद्ध करण्याचे काम जर्मन अभियंते गेऑर्ग श्लेझिंगर यांनी १९२७ च्या सुमारास केले.

नागपुरात यंत्रकामाचा पाया एम्प्रेस मिल (१८७७) आणि मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वेचे वर्कशॉप यांनी घातला. टरेट मिलिंग लहान शॉपांत रुळले ते औद्योगिक वसाहतींच्या काळात.

तत्त्व : या गेजला स्वतः अचूक असावे लागत नाही. पट्टी दांडीला नेमकी काटकोनात नसली, दांडी कोलेटमध्ये किंचित तिरकी बसली, तरी बिघडत नाही; स्पिंडल फिरवला की ती चूकही त्याच्याबरोबर फिरते. एकाच डायलने टेबलावरील दोन समोरासमोरच्या जागा वाचल्या, तर वाचनातील फरक हा निव्वळ स्पिंडलच्या कलाचा असतो. दोन डायलच्या गेजमध्ये आधी एक डायल एका ठिकाणी टेकवून शून्य करायचा, स्पिंडल १८०° फिरवून दुसरा डायल त्याच ठिकाणी आणून शून्य करायचा. हे न करता दोन्ही डायल सरफेस प्लेटवर (अचूक सपाट केलेल्या पाटावर) जुळवून आणणारे कारागीर आढळतात. त्यांत दांडीची सारी तिरपाई मापात शिरते. दोन डायलचा फायदा इतकाच की हेडला लाकडी हातोड्याने ठोके देत असताना दोन्ही काटे एकदम दिसतात. एका लीव्हर डायलनेही (बाजूला हलणाऱ्या टोकाच्या डायलनेही) काम अचूक होते, फक्त वेळ जास्त लागतो.

घडण : दांडी २० मि.मी. ब्राइट बारची (गुळगुळीत ओढलेल्या पोलादी सळईची), लेथवर एकाच पकडीत खांदा काढून. पट्टी २५ × १२ मि.मी. फ्लॅटची. डायलच्या देठाचा व्यास ८ मि.मी. असतो, त्या मापाचे भोक रीमरने साफ करून टोकापासून भोकापर्यंत हॅकसॉने चीर द्यावी आणि आडव्या एम-५ ॲलन स्क्रूने चीर आवळावी. स्क्रूचे टोक थेट देठावर दाबले की देठ चेपतो, प्लंजर (आत-बाहेर सरकणारी टोकाची काडी) अडकतो आणि काटा परत येत नाही. बिघडलेल्या घरगुती गेजांत हा दोष सर्वांत जास्त दिसतो.

टेबलावर टी-स्लॉट (जॉब बांधण्याच्या खाचा) असल्याने डायलचे टोक त्यांत पडते. त्यासाठी जुन्या बॉल बेअरिंगची बाहेरची रिंग टेबलावर ठेवतात. तिच्या दोन्ही बाजू ग्राइंड केलेल्या व समांतर असतात. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गॅरेजांमुळे अशा रिंगांची शहरात वाण नाही. ६२१६ क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास १४० मि.मी. व रुंदी २६ मि.मी. असते, डायलांमधील अंतर त्या बेताने सुमारे १३० मि.मी. ठेवावे. रिंग १८०° फिरवून वाचन बदलले नाही, तर ती भरवशाची. खालून टेबल पुसलेले हवे. बुराद्याचा एक बारीक कणही सगळे वाचन फिरवतो.

वापर व मर्यादा : ‘नी’ (टेबल वर-खाली नेणारा भाग), सॅडल (टेबल पुढे-मागे नेणारा भाग) व क्विल (स्पिंडल खाली-वर नेणारी नळी) लॉक करूनच वाचन घ्यावे, कारण लॉक आवळताना ‘नी’ हलते. आधी पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे सरळ करतात. १३० मि.मी. वर ०.०६५ मि.मी. फरक राहिला आणि कल फीडच्या (टेबल सरकण्याच्या) दिशेत असला, तर ८० मि.मी. कटरने पूर्ण रुंदीत घेतलेला कट मधोमध ०.०२ मि.मी. खोलगट होतो. कल फीडला आडवा असेल तर शेजारशेजारच्या कटांत पायऱ्या पडतात, व नखाला लागतात.

नागपूरच्या मे महिन्यात पट्टी तापून माप चुकते, ही समजूत फारशी खरी नाही. पट्टी लांबीत वाढते, उंचीच्या वाचनावर त्याचा परिणाम नगण्य. खरा त्रास कॉलमचा, म्हणजे मशीनच्या उभ्या खांबाचा. एका अंगाला कूलरची हवा, दुसऱ्याला तापलेली पत्र्याची भिंत, आणि दोन्ही अंगांत २° से. फरक, असे झाले तर एक मीटर उंच व ४० सें.मी. जाड बिडाचा कॉलम इतका वाकतो की २०० मि.मी. वर सुमारे ०.०१ मि.मी. फरक दिसतो. म्हणून येथे हेड सकाळी सेट करणे किंवा कूलरचा झोत मशीनवरून वळवणे इष्ट.

हेड पूर्ण काटकोनात असावे की फीडच्या दिशेने केसभर पुढे झुकलेले, याविषयी एकमत नाही. झुकलेल्या हेडमध्ये कटरची मागची कड पृष्ठभाग घासत नाही व फिनिश चकचकीत येते. पण उलट दिशेने कट घेता येत नाही. दोन्ही दिशांनी फीड देणाऱ्या जॉबवर्क शॉपला पहिला पर्यायच सोयीचा ठरतो.