दृष्टिसंस्था : बालवयातील इजा आणि वार्धक्य

डोळा आणि त्याच्या पडद्यावर पडलेल्या प्रकाशाचा अर्थ लावणारे मेंदूतील भाग यांना मिळून दृष्टिसंस्था म्हणतात. या संस्थेला पोचलेल्या इजेचा परिणाम ती इजा कोणत्या वयात झाली यावर फार अवलंबून असतो. मोतीबिंदूवरून हे चटकन लक्षात येते. सत्तरीतल्या एखाद्या आजोबांचा मोतीबिंदू चार-पाच वर्षे तसाच राहिला, तरी डोळ्याचा पडदा आणि नस शाबूत असतील तर शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत ते पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागतात. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया मात्र वर्ष-दोन वर्षे लांबली, तर भिंग बदलून आणि योग्य चष्मा लावूनही त्याची नजर बहुधा अधूच राहते. डोळा दोघांचाही दुरुस्त झालेला असतो. आजोबांच्या मेंदूची जडणघडण साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच पुरी झालेली होती, बाळाच्या मेंदूची व्हायची राहून गेली.

डोळ्यातून मेंदूकडे निघणाऱ्या नसेत, म्हणजे दृष्टिचेतेत, सुमारे दहा लाख तंतू असतात. वाटेत त्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक तंतू विरुद्ध बाजूला जातात. त्यामुळे समोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग मेंदूच्या उजव्या बाजूला पोचतो आणि उजवा डाव्या बाजूला. पुढचा टप्पा थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातले एक छोटे केंद्र. त्यात सहा थर असतात, तीन एका डोळ्याचे व तीन दुसऱ्याचे. तिथून संदेश डोक्याच्या मागच्या बाजूच्या प्राथमिक दृष्टिबाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या पाहण्याच्या पहिल्या केंद्रात जातात. दोन्ही डोळ्यांची माहिती एकाच चेतापेशीवर येऊन मिळते ती प्रथम इथे. वस्तू किती जवळ वा दूर आहे याची जाण इथून सुरू होते, आणि बालवयातल्या इजेचा घावही इथेच सर्वांत खोल बसतो.

हे कसे घडते ते डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी हार्वर्डमध्ये मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून १९६३ पासून उलगडत गेले. त्यांनी नवजात पिल्लाच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवून टाकल्या आणि दोन-तीन महिन्यांनी उघडल्या. डोळा निरोगी होता, पडदा काम करत होता. पण दृष्टिबाह्यकातल्या जवळजवळ कोणत्याच पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देईनात. प्रौढ मांजराचा डोळा याहून अधिक काळ बंद ठेवूनही काही बिघडले नाही. पिल्लांमध्ये हा नाजूक काळ साधारण चौथ्या आठवड्यात सुरू होऊन तिसऱ्या महिन्याच्या सुमारास संपतो, आणि त्याच्या ऐन भरात तीन-चार दिवस डोळा झाकला तरी पुरते. या संशोधनासाठी दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांच्या निष्कर्षांपैकी एक फारसा सांगितला जात नाही, पण माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन्ही डोळे एकदम बंद ठेवले तर नुकसान अपेक्षेपेक्षा कमी होते. बऱ्याच पेशी प्रतिसाद देत राहतात. म्हणजे एक डोळा बंद असताना पेशी नुसत्या वापराअभावी वाळत नाहीत. उघडा डोळा बंद डोळ्याची जागा बळकावतो. दोन भावांतल्या एकाने परगावी गेलेल्या भावाचे शेत हळूहळू कसायला घ्यावे, आणि तो परत आला तेव्हा सातबाऱ्यावर त्याचे नावच नसावे, तसे हे होते.

माणसात या चढाओढीतून मंददृष्टी उद्भवते. बोलीत तिला आळशी डोळा म्हणतात. शंभरातल्या साधारण दोन ते चार जणांत ती आढळते. तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरांतला मोठा फरक, आणि जन्मजात मोतीबिंदू किंवा खाली लोंबणारी पापणी ही तिची मुख्य कारणे. यांतला नंबरांतला फरक सर्वांत फसवा असतो, कारण डोळे सरळ दिसतात, मूल चांगल्या डोळ्याने सगळे पाहते, आणि शाळेत एक डोळा झाकून तपासणी होईपर्यंत कोणालाच काही कळत नाही. उपचार म्हणून आधी योग्य चष्मा देतात, मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधतात किंवा त्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून तो धूसर करतात. मध्यम मंददृष्टीत दोन्ही उपाय जवळपास सारखेच परिणामकारक ठरतात, आणि दिवसाला दोन तासांची पट्टीही सहा तासांइतकीच उपयोगी पडते, असे अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या मोठ्या चाचण्यांत २००२ आणि २००३ साली दिसले. पट्टीला कंटाळलेल्या मुलांच्या आईवडिलांना हा केवढा दिलासा! सात वर्षांनंतर उपाय व्यर्थ, ही जुनी समजूतही आता मागे पडली आहे. मोठ्या मुलांतही सुधारणा होते, मात्र कमी आणि संथ.

जन्मजात मोतीबिंदूत इतकी सवड नसते. तो एकाच डोळ्यात असेल तर वयाच्या सहा ते आठ आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. वेळेत ती झाली तरी काही खुणा उरतात. कॅनडातील डॅफ्नी मॉरर आणि सहकाऱ्यांना असे दिसले, की जन्मानंतर काही महिनेच दृष्टीला मुकलेली मुले पुढे नऊ-नऊ वर्षे व्यवस्थित पाहूनही डोळे-नाक-तोंड यांमधल्या अंतरांवरून चेहरे ओळखण्यात मागे राहतात. चेहरा ओळखायला मूल बऱ्याच उशिरा शिकते, पण त्या शिकण्याचा पाया पहिल्या काही महिन्यांतच घातला जातो.

दिल्लीतल्या ‘प्रकाश’ प्रकल्पाने या चित्राला दुसरी बाजू दिली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतले पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या या उपक्रमात जन्मांध मुलांवर मोफत शस्त्रक्रिया होते आणि नंतर त्यांची दृष्टी कशी घडते याचा अभ्यास केला जातो. आयरिश विचारवंत विल्यम मॉलिनो यांनी १६८८ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक प्रश्न विचारला होता : हाताने चाचपून गोल आणि घन ओळखणाऱ्या जन्मांधाला अचानक दिसू लागले, तर तो नुसते पाहून त्यांतला फरक सांगू शकेल का? ‘प्रकाश’मधल्या आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच ते जमले नाही, मात्र काही दिवसांतच जमू लागले. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. या मुलांची नजर सर्वसाधारण माणसाइतकी तीक्ष्ण होत नाही, पण वस्तू आणि माणसे ओळखण्याची क्षमता पुष्कळ वाढते. म्हणून दहा-बारा वर्षांच्या जन्मांध मुलाला ‘आता उशीर झाला’ असे सांगून परत पाठवणे चुकीचे आहे.

आतापर्यंत पाहिले ते डोळ्यातून येणारी माहिती अडल्याचे परिणाम. प्रत्यक्ष मेंदूच जखमी झाला तर वयाचा हिशेब अगदी उलटा होऊ शकतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील पीटर स्पीअर यांनी मांजरांवर केलेल्या कामात, प्रौढ वयात प्राथमिक दृष्टिबाह्यक काढल्यावर शेजारच्या गती ओळखणाऱ्या भागातल्या पेशींनी आपले बरेच गुण गमावले. नवजात पिल्लांत मात्र त्याच पेशी जवळपास पूर्ववत काम करू लागल्या. त्याची किंमतही होती. लहानपणीच्या इजेनंतर थॅलॅमसमधल्याच नव्हे, तर डोळ्याच्या पडद्यातल्या काही प्रकारच्या पेशीही मोठ्या प्रमाणात मरतात. प्रौढांत ही हानी कमी असते.

माणसांच्या बाळांत अशी इजा बहुधा जन्मावेळी प्राणवायू कमी पडल्याने, अकाली जन्मामुळे किंवा जन्मानंतर रक्तातली साखर फार खाली गेल्याने होते. या शेवटच्या कारणाने विशेषतः मेंदूचा मागचा भाग दुखावतो, आणि वेळेवर दूध व साखरेची तपासणी यांनी ते पुष्कळ अंशी टाळता येते. अशा मुलांचे डोळे तपासणीत चांगले दिसतात. मूल चालती गाडी पाहते पण उभी वस्तू पाहत नाही, रिकाम्या टेबलावरचे खेळणे सापडते पण पसाऱ्यातले सापडत नाही. घरच्यांना वाटते मूल लक्षच देत नाही. गती दिसणे आणि आकार न दिसणे ही फारकत जुन्या काळापासून नोंदलेली आहे : जॉर्ज रिडक यांनी १९१७ मध्ये डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांत ती पाहिली होती.

वार्धक्यातले बदल डोळ्यापासून सुरू होतात. चाळिशी लागते, भिंग पिवळसर होते, बाहुली आक्रसते. साठीत पडद्यावर पोचणारा प्रकाश विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उरतो. पण चष्मा आणि प्रकाश दोन्ही नीट असूनही धुक्यातली कडा, वेगाने येणारे वाहन, गर्दीतला चेहरा ओळखायला वेळ लागतो, तेव्हा कारण मेंदूत असते. पेशी मरतात म्हणून हे होते, असे पूर्वी मानत. म्हाताऱ्या माकडांच्या प्राथमिक दृष्टिबाह्यकात पेशींची संख्या मात्र घटलेली आढळली नाही, आणि थॅलॅमसमधल्या पेशीही बहुतांशी तरुणांसारख्याच काम करतात, असे स्पीअर यांनीच दाखवले. बिघाड बाह्यकात आहे. २००० साली ऑडी लेव्हेंथाल यांच्या गटाला वृद्ध माकडांतल्या पेशी रेषेचा कल नीट ओळखत नसल्याचे आढळले. आडवी, उभी, तिरकी, कोणतीही रेघ दिसली तरी त्या उत्तेजित होत. २००३ मध्ये त्यांनी त्या पेशींवर गाबा हे निरोधक, म्हणजे पेशींची उत्तेजना दाबणारे रसायन सोडले, आणि त्यांची निवड पुन्हा नेमकी झाली.

याच गाबाच्या निरोधामुळे बालवयातला नाजूक काळ सुरू होतो, हे ताकाओ हेन्श यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून १९९८ साली कळले होते. आयुष्याच्या दोन्ही टोकांना, पेशींना गप्प बसवणारी तीच यंत्रणा निर्णायक ठरते. निरोध सैल झाल्याचा एक अनपेक्षित परिणाम २००५ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात दिसला : मोठ्या, ठळक पट्ट्यांची हालचाल कोणत्या दिशेला आहे हे वृद्धांनी तरुणांपेक्षा लवकर ओळखले.

भारतात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मजात मोतीबिंदू आणि अकाली जन्मलेल्या बाळांच्या पडद्याचा विकार यांची तपासणी अंतर्भूत आहे. बाळाच्या बाहुलीत पांढरा ठिपका दिसणे, फ्लॅशने काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येणे, किंवा तीन महिन्यांचे बाळ आईच्या चेहऱ्यावर नजर न ठरवणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

वृद्धांच्या बाबतीत दोन गोष्टी वारंवार निसटतात. एक, अल्झायमरचाच एक प्रकार आधी मेंदूचा मागचा भाग ग्रासतो. स्मरणशक्ती शाबूत असते पण ओळ सुटते, समोरची वाटी हाताला लागत नाही, आणि रुग्ण एका चष्म्याच्या दुकानातून दुसऱ्यात फिरत राहतो. दुसरी, नजर फार कमी झाल्यावर काहींना माणसे, नक्षी, प्राणी दिसू लागतात. स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने यांनी १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत याची नोंद केली. हे दिसणारे खरे नाही, हे त्या व्यक्तीला बहुधा ठाऊक असते. वेड लागले असे घरच्यांना वाटेल, या भीतीने अनेक जण ते सांगत नाहीत. डोळ्यांकडून येणारे संदेश आटल्यावर बाह्यक आपणहून चित्रे तयार करते, एवढे डॉक्टरांनी समजावले तरी बहुतेकांची भीती जाते आणि औषधाची गरज सहसा पडत नाही.