पुण्यात समुद्र कुठाय? सिल्व्हिया अर्ल आणि आपला हिंदी महासागर

भाचीने बारावीनंतर मरीन बायोलॉजी करायचं म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला, "अगं पण पुण्यात समुद्र कुठाय?" तिच्या भिंतीवर सिल्व्हिया अर्ल या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ बाईचा फोटो आहे. ही बाई कोण म्हणून आजीने विचारलं आणि सांगता सांगता लक्षात आलं की हिची पहिली मोठी सफर आपल्याच हिंदी महासागरात झालीये, आणि ज्या मोहिमेत ती आली होती तिचे धागे पार आपल्या शिवाजीनगर-पाषाणपर्यंत येतात. म्हणून जरा मागे जाऊन सगळं लिहितेय.

अर्लचा जन्म १९३५ चा, न्यू जर्सीतला. ती शाळेत असतानाच घरचे फ्लोरिडाला राहायला गेले आणि मेक्सिकोचं आखात अगदी घरामागे आलं. कॉलेजात असताना पहिल्यांदा पाठीवर हवेची टाकी लावली, तेव्हा स्कूबा इतकं नवीन होतं की ट्रेनिंग म्हणजे नेहमीसारखा श्वास घेत राहा, बास. विषय घेतला समुद्री शेवाळाचा. ऐकायला साधं वाटतं पण समुद्रात कोण कुणाला खातं ही जवळपास सगळी साखळी शेवाळ आणि प्लवकांपासूनच (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) सुरू होते, त्यामुळे ज्याला ते कळलं त्याला अर्धा समुद्र कळला असं मी तरी मानते. आखातातल्या तपकिरी शेवाळावर तिने ड्यूक विद्यापीठातून १९६६ ला डॉक्टरेट केली, २०,००० च्या वर नमुने गोळा करून, आणि त्यातले बरेच स्वतः पाण्यात उतरून.

आता १९६४. तेव्हा आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू होती. सगळ्या महासागरांत आपलाच सगळ्यात कमी अभ्यासलेला, आणि इथले वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात, पाठोपाठ पाण्याचे प्रवाहसुद्धा फिरतात, असं दुसऱ्या कुठल्या महासागरात एवढ्या मोठ्या प्रमाणावर होत नाही. म्हणून वेगवेगळ्या देशांची ४० हून जास्त जहाजं या कामाला लागली. आपल्या नेव्हीचं आयएनएस किस्तना पण होतं (नाव आपल्या कृष्णा नदीचंच, इंग्रजी उच्चारातलं). अर्ल होती अँटन ब्रून नावाच्या अमेरिकन जहाजावर, जे आधी ट्रुमन यांची राष्ट्राध्यक्षांची बोट होतं आणि नंतर त्यात प्रयोगशाळा बसवली. घरी दोन लहान मुलं ठेवून ती सहा आठवड्यांसाठी आली, जहाजावर एकटी बाई. मोंबासाच्या पेपरने हेडलाइन केली की सिल्व्हिया ७० पुरुषांबरोबर निघाली, पण तिला काही अडचण येईल असं वाटत नाही. तिने मुलाखत दिली होती शेवाळाबद्दल, माशांबद्दल, आणि छापून आलं ते हे.

मोहिमेचा आपल्याला काय उपयोग झाला, तर खूप झाला. प्लवकांचे नमुने वेगळे करायला कोचीनला केंद्र निघालं, हवामानाच्या नोंदींसाठी मुंबईत कुलाब्याला, आणि मोहीम संपल्या संपल्या १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, जी आज गोव्यात दोना पावलाला आहे. पुण्यात हवामान खातं तर १९२८ लाच सिमल्याहून आलं, शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक आपण रोज ओलांडतो तो त्याच्यामुळेच. आणि मोहिमेच्याच काळात, नोव्हेंबर १९६२ मध्ये, पुण्यात उष्णदेशीय हवामानाची संस्था सुरू झाली, आता पाषाणला आहे ती. तिथे मान्सूनचा अभ्यास चालतो आणि मान्सूनचा अभ्यास म्हणजे निम्मा समुद्राचाच अभ्यास, खडकवासल्यात साठणारं पाणी मुळात समुद्रावरूनच उचललेलं असतं. आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग समुद्र आपल्याकडे दरवर्षी येतोच की."

परत अर्लकडे. १९६९ मध्ये अमेरिकेने व्हर्जिन आयलंड्सजवळ पाण्याखाली राहायचं घर बांधलं, टेक्टाइट. पाण्याखालचा हजार तासांहून जास्त अनुभव असूनही तिला आधी नकार आला. पुरुषांबरोबर बायका राहणार हे चालणार नव्हतं, मग १९७० ला पाच बायकांची वेगळी टीम केली आणि लीडर अर्लच. साधारण १५ मीटर खोल, दोन आठवडे. याचा फायदा असा की एकदा शरीरात त्या दाबाचा वायू पूर्ण मुरला की दिवसभर बाहेर पोहत काम करता येतं, वर येताना सावकाश डीकम्प्रेशनचा (हळूहळू दाब कमी करत तो मुरलेला वायू बाहेर सोडायचा) सोपस्कार शेवटी एकदाच. म्हणजे पाहुण्यासारखं तासभर डोकावून परत यायचं नाही, माशांच्या शेजारी राहायचं, सकाळी कोण उठतं संध्याकाळी कोण झोपतं ते बघायचं. शास्त्र म्हणून मला हे तिच्या सगळ्या रेकॉर्डपेक्षा मोठं वाटतं.

रेकॉर्ड अर्थात १९७९ चं. हवाईच्या ओआहू बेटाजवळ ती जिम सूट घालून ३८१ मीटरवर समुद्राच्या तळावर चालली. सिंहगड आतकरवाडीतून चढताना निम्म्याहून जास्त चढ संपतो एवढं अंतर, ते पाण्यात खाली धरा. दर १० मीटरला एक वातावरण (म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेएवढा) दाब वाढतो, म्हणजे तिथे आपल्या इथल्या जवळपास ३९ पट. जिम सूट हा धातूचा, माणसाच्या आकाराची पाणबुडीच म्हणा ना, आत साधा दाब. एका छोट्या पाणबुडीच्या पुढे बांधून तिला खाली नेलं, तळाला पट्टा सोडला आणि अडीच तास ती चालत होती, वरच्या जहाजाशी दोर नाही, फक्त त्या पाणबुडीशी बोलायची तार. तिथे बांबूसारखी उंच प्रवाळं होती, हात लावला की निळ्या उजेडाची वलयं फिरायची. मी हे वर्णन भाचीला किती वेळा वाचून दाखवलंय, तिला पाठ झालंय.

नंतर तिने ग्रॅहम हॉक्सबरोबर कंपनी काढून एका माणसाची १,००० मीटर जाणारी पाणबुडी केली, १९९० ला अमेरिकेच्या नोआची (तिकडची समुद्र आणि हवामानाची सरकारी संस्था) पहिली महिला चीफ सायंटिस्ट झाली, २००९ पासून मिशन ब्लू ही समुद्र वाचवण्यासाठीची तिची संस्था.

पण पुण्याच्या पोरींनी अर्लच्या शेजारी आणखी एक फोटो लावावा, डॉ. अदिती पंत यांचा. पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी. हाती समुद्रावरचं एक पुस्तक पडलं आणि थेट हवाईला एमएस, लंडनला पीएचडी, विषय परत समुद्री शेवाळ आणि प्लवकच! मग गोव्याची समुद्रविज्ञान संस्था, जी त्या मोहिमेतून उभी राहिली, आणि १९८३-८४ च्या भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या दोन भारतीय महिलांपैकी एक. पुढे त्यांनी बरीच वर्षं काम केलं ते पाषाण रोडच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा). बसमधून कितीदा गेलो असू त्या गेटवरून, आणि शाळेत आम्हाला हे नाव कुणी सांगितलं नाही याची मला अजून हळहळ वाटते.

आता आपली भारताची मत्स्य ६००० ही पाणबुडी तयार होतेय, तीन माणसांना ६,००० मीटर खाली नेणारी, माणसं बसायला २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल. त्यामागे समुद्रतळाच्या खनिजांचाही विचार आहे, मध्य हिंदी महासागरात निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे गोळे पसरलेत आणि तिथला ७५,००० चौरस किमी भाग आपल्याकडे शोधकामासाठी आहे. अर्लचा अशा खाणकामाला उघड विरोध आहे, आणि मलाही तिचंच पटतं, ते गोळे काही मिलिमीटर वाढायला लाखो वर्षं लागतात आणि त्यांच्यावर चिकटून जगणारे जीव आपण अजून धड मोजलेलेसुद्धा नाहीत. निदान त्या तीन सीटांपैकी एक दरवेळी जीवशास्त्रवाल्याला मिळावी. भाची म्हणते, "मावशी, मला चालेल."