मोटार लॉक झाल्याची हॉर्नची खूण

रिमोटने मोटार लॉक केल्यावर हॉर्न किंवा छोटा बझर क्षणभर वाजतो, बहुधा इंडिकेटरही लुकलुकतात. दारे लागली, आता निघायला हरकत नाही, ही त्या आवाजाची खूण.

पूर्वी किल्ली दारातच फिरवावी लागे. आतला खटका बोटांना जाणवे, काचेलगतची खुंटी खाली गेलेली डोळ्यांना दिसे. रिमोट आला आणि माणूस गाडीपासून दहा पावले लांबून कुलूप लावू लागला. हा हाताचा पुरावा गेला, त्याची जागा आवाजाने आणि दिव्यांनी घेतली. रिमोटवर चालणारे सेंट्रल लॉकिंग १९८२च्या सुमारास रेनोच्या फ्वेगो मोटारीत आले. ते इन्फ्रारेड किरणांवर चाले. त्याचे जनक पॉल लिपशुट्झ यांच्या नावावरून फ्रेंच लोक आजही अशा रिमोटला ‘प्लिप’ म्हणतात.

आताचे रिमोट रेडिओ लहरींवर चालतात. भारतात आणि युरोपात ४३३.९२ मेगाहर्ट्झ, तर अमेरिका आणि जपानमध्ये बहुधा ३१५ मेगाहर्ट्झ. दर वेळी बटण दाबले की नवा सांकेतिक क्रमांक जातो. गाडीतले नियंत्रक युनिट तो ओळखते, दारांतल्या छोट्या मोटर फिरवते आणि हॉर्नच्या रिलेला, म्हणजे हॉर्न चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचला, सेकंदाचा लहानसा अंश वीज देते. हॉर्नमधला पडदा पुरता थरथरायच्या आत वीज तुटते, म्हणून रस्त्यावर वाजणारा तोच हॉर्न इथे नुसता ‘टिट्’ करून थांबतो.

हा आवाज नेमके काय सांगतो, हे पाहण्यासारखे आहे. पुष्कळ गाड्यांत त्याचा अर्थ एवढाच, की हुकूम पोचला आणि दारांच्या स्विचप्रमाणे सगळी दारे मिटलेली आहेत. प्रत्येक खटका खरोखर बसला की नाही, हे अशा गाड्यांत तपासले जातेच असे नाही. पिशवीचा पट्टा डिकीत अडकून झाकण बोटभर वर राहिले, तर काही गाड्या गप्प राहतात, काही लागोपाठ वाजून तक्रार करतात. म्हणून आवाज न येणे ही यातली सर्वांत मोलाची सूचना आहे. चोर त्याच लहरींवर गोंगाट पाठवून रिमोटचा संदेश अडवतात, तेव्हाही गाडी गप्पच राहते. अशा वेळी मागे फिरून हँडल ओढून पाहावे.

पद्धती कंपनीगणिक वेगळ्या. होंडाच्या अनेक गाड्यांत पहिल्यांदा बटण दाबल्यावर फक्त दिवे लागतात आणि पाच सेकंदांत पुन्हा दाबले तरच हॉर्न वाजतो. टोयोटाच्या कित्येक गाड्यांत वेगळा, सौम्य बझर असतो. बाहेरून बसवलेल्या सायरनमध्ये लॉकला एक आणि अनलॉकला दोन आवाज, हा जुना संकेत. युरोपीय गाड्या मात्र बहुधा इंडिकेटरवरच भागवतात.

रात्री अकराला सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हाच ‘टिट्’ भिंतींवर आपटून वरच्या मजल्यापर्यंत जातो आणि झोपलेले मूल दचकून उठते. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात, आणि शांतता क्षेत्रात केव्हाही, आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवायला मनाई आहे. तिथे दिव्यांची खूण पुरेशी आहे. दृष्टी अधू असलेल्यांना मात्र आवाजच लागतो, त्यांच्यासाठी बझर उत्तम. अनेक गाड्यांत हा आवाज सेटिंगमधून बंद करता येतो. मेनूत तो पर्याय नसेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे.