समस्थानिके

एकाच मूलद्रव्याच्या ज्या अणूंमध्ये प्रोटॉन सारखे, पण न्यूट्रॉन कमी-जास्त असतात, त्यांना समस्थानिके म्हणतात. अणुअंक (प्रोटॉनांची संख्या) एकच, म्हणून आवर्तसारणीतली जागाही एकच. अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून होणारी संख्या) तेवढा निराळा. क्लोरीनचे अणुवस्तुमान ३५.५ असे अपूर्णांकात येते ते यामुळेच. निसर्गात त्याचे सुमारे ७६ टक्के अणू क्लोरीन-३५ चे, उरलेले क्लोरीन-३७ चे. साडेपस्तीस वस्तुमानाचा अणू शोधूनही सापडणार नाही. कथिलाची स्थिर समस्थानिके १० आहेत, सोन्याचे फक्त एक.

ही कल्पना फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये मांडली. फरक नेमका कशाचा, हे मात्र १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडल्यावर उलगडले.

रासायनिक गुणधर्म इलेक्ट्रॉनांवर ठरतात, म्हणून समस्थानिकांचे रसायन सारखेच असते, असे शाळेत शिकवतात. ढोबळमानाने ते बरोबर आहे. हायड्रोजनपाशी मात्र ते तोकडे पडते. त्याच्या अणुकेंद्रकात प्रोटॉन एकच, त्यामुळे सोबत एक न्यूट्रॉन आला की वस्तुमान थेट दुप्पट. या ड्यूटेरियमपासून बनलेले जड पाणी ३.८ अंश सेल्सियसला गोठते, १०१.४ अंशांना उकळते आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात चक्क बुडतो. युरेनियम-२३५ आणि २३८ यांच्यात फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा. त्यांना वेगळे करणे म्हणूनच जिकिरीचे: युरेनियम हेक्झाफ्लोराइड वायू सेंट्रिफ्यूजच्या (प्रचंड वेगाने फिरणाऱ्या नळकांड्यांच्या) रांगांमधून पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो.

अणुकेंद्रकाच्या पातळीवर मात्र हाच सव्वा टक्का भारी पडतो. मंद न्यूट्रॉनने युरेनियम-२३५ फुटते, २३८ फुटत नाही. आणि खाणीतल्या युरेनियममध्ये २३५ चा वाटा ०.७ टक्क्यांच्या आसपासच. तारापूरच्या अणुवीज केंद्रात यावरचे दोन्ही उपाय शेजारी-शेजारी दिसतात. १९६९ च्या पहिल्या दोन अणुभट्ट्या साध्या पाण्यावर चालणाऱ्या, म्हणून त्यांना २३५ चे प्रमाण वाढवलेले समृद्ध युरेनियम लागते. तिसऱ्या-चौथ्या भट्टीत नैसर्गिक युरेनियम चालते, कारण तिथे न्यूट्रॉन मंद करायला जड पाणी आहे आणि ड्यूटेरियम न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. म्हणजे एका मूलद्रव्याचे समस्थानिक वेगळे करायचे टाळले, की दुसऱ्याचे करावे लागते. तेही सोपे नाही: हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंत ड्यूटेरियमचा एक. रायगड जिल्ह्यातल्या थळ येथे खत कारखान्यातल्या वायूमधून अमोनियाच्या साहाय्याने ते काढले जाते.

काही समस्थानिके किरणोत्सारी असतात, म्हणजे त्यांची अणुकेंद्रके आपोआप किरणे सोडत बदलत जातात. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू असे बदलायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचा काळ त्यावरूनच ठरवला गेला. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल सव्वापाच वर्षांचाच. लासलगावच्या विकिरण केंद्रात त्याच्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब फुटणे थांबवतात, आणि २००७ मध्ये अमेरिकेला गेलेल्या आंब्यांवरही तिथेच प्रक्रिया झाली होती.