मॅपमध्ये ब्लॉब दिसतोय, पण तो तुमचाच लिगँड आहे का?

आम्ही क्लायंटच्या प्रोटीनच्या क्रिस्टलवर एक्स-रे टाकून त्याची रचना काढतो. मॅप म्हणजे त्यातून मिळणारा इलेक्ट्रॉन डेन्सिटीचा, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत याचा नकाशा, आणि लिगँड म्हणजे प्रोटीनला चिकटणारा छोटा रेणू, इथे क्लायंटचा कंपाउंड. रिपोर्ट पाठवला की बहुतेक क्लायंट हेच विचारतात, पॉकेटमध्ये (प्रोटीनमधल्या खाचेत) हिरवा ब्लॉब स्पष्ट दिसतोय मग आमचा कंपाउंड का नाही बसवला? म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय.

क्रिस्टलमधून येणाऱ्या एक्स-रेची फक्त इंटेन्सिटी मोजता येते, फेज (लाट कुठल्या टप्प्यावर आहे ते) मोजता येत नाही, ती शेवटी आम्ही रचलेल्या अणूंच्या मॉडेलवरूनच काढावी लागते, त्यामुळे मॉडेलमध्ये तुम्ही जे घालाल ते मॅपमध्ये थोडंफार दिसणारच, मग ते खरं असो वा नसो. म्हणजे आधी लिगँड बसवायचा आणि नंतर "बघा, डेन्सिटी आहे" म्हणायचं याला काही अर्थ नाही. आम्ही लिगँड घालायच्या आधीचा डिफरन्स मॅप (डेटात आहे पण मॉडेलमध्ये नाही ते हिरवं दाखवणारा) ३ सिग्माला बघतो (सिग्मा म्हणजे मॅपमधल्या चढउताराचं माप), आणि डेन्सिटी कमजोर असेल तर पोल्डर मॅप काढतो, त्यात त्या जागेवर बल्क सॉल्व्हंट (क्रिस्टलमधलं विस्कळीत पाणी) भरला जात नाही त्यामुळे दबलेला आकार वर येतो. सिग्मा ०.५ पर्यंत खाली आणून दाखवा असं कुणी म्हटलं तर आम्ही दाखवू, पण तिथे ढगात गणपती दिसावा तसं काहीही दिसतं.

आता ब्लॉब खरा आहे असं धरलं तरी तो कुणाचा? लांब अळीसारखा असेल तर बऱ्याचदा पेगचा (क्रिस्टल वाढवायला वापरतात त्या पॉलिमरचा) तुकडा निघतो, क्रायोमधलं (क्रिस्टल गोठवताना वापरायच्या द्रावणातलं) ग्लिसरॉल तर पॉकेटमध्ये जाऊन बसायला टपलेलंच असतं, आणि सल्फेट की फॉस्फेट हे नुसत्या आकारावरून कुणीच सांगू शकत नाही. सगळ्यात फसवा प्रकार छोट्या गोल ब्लॉबचा. पाणी, सोडियम आयन, मॅग्नेशियम आयन, तिघांकडे इलेक्ट्रॉन १०च, मॅपमध्ये फरक काय दिसणार? तिथे अंतरं मोजावी लागतात. भोवती सहा ऑक्सिजन साधारण २.१ अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) असतील तर मॅग्नेशियम, २.४ च्या आसपास असेल तर सोडियमचा विचार करायचा, आणि २.८ असेल तर गपचूप पाणी लिहायचं. झिंकची शंका असेल तर डेटा घ्यायच्या आधी सांगा, १.२८ अँगस्ट्रॉमच्या एजच्या (झिंक एक्स-रे एकदम जास्त शोषायला लागतं त्या तरंगलांबीच्या) दोन्ही बाजूंना डेटा घेतला तर अॅनोमलस सिग्नलवरून (या शोषणामुळे डेटात पडणाऱ्या फरकावरून) सिद्ध करता येतं, नंतर कळवलं तर क्रिस्टल आणि बीमटाइम (एक्स-रे यंत्रावरचा वेळ) दोन्ही परत लागतात.

अॅस्परजीन आणि ग्लुटामीन या अमिनो आम्लांच्या टोकाचे नायट्रोजन-ऑक्सिजनही २ अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनला (म्हणजे डेटा किती बारीक तपशील दाखवतो त्याला) सारखेच दिसतात, ते आम्ही हायड्रोजन बाँड बघून फिरवतो, त्यामुळे तुमच्या जुन्या मॉडेलपेक्षा उलटे दिसले तर घाबरू नका.

लिगँड प्रोटीनच्या अर्ध्याच रेणूंमध्ये बसलेला असू शकतो. पण २.५ अँगस्ट्रॉमच्या डेटामध्ये ऑक्युपन्सी (किती रेणूंमध्ये लिगँड आहे ते) कमी आहे की बी-फॅक्टर (अणू किती हलतात ते) जास्त, हे धड वेगळं करता येत नाही, तेव्हा आमच्याकडून "६३ टक्के" असला आकडा मागू नका.

डेन्सिटीशी जुळणी, म्हणजे रिअल स्पेस कोरिलेशन, ०.९ च्या वर असेल तर आम्ही निवांत असतो, ०.८ च्या खाली गेली तर तुम्हाला आधी फोन करतो. लिगँड नाही सापडला तरी बिल तेवढंच येतं, कारण काम उलट जास्त होतं!

सॅम्पलसोबत बफरची पूर्ण यादी द्या, निकेल कॉलमचं इमिडाझोल आणि स्टोरेजमधलं ग्लिसरॉलसुद्धा लिहा, आणि कंपाउंडची स्टिरिओकेमिस्ट्री (अणूंची त्रिमितीय मांडणी) नक्की कळवा. मॅपच्या फाइल्स रिपोर्टसोबत असतातच, कूट या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा आणि पटलं नाही तर कळवा, स्क्रीन शेअर करून बोलू.