इंधनक्षम वाहनांची उपलब्धता (गोवा)

कमी इंधनात जास्त अंतर कापणारी वाहने बाजारात कोणती, किती आणि कोणत्या किमतीला मिळतात, हे सरकारी नियम आणि ग्राहकांची पसंती या दोहोंवर ठरते. गोव्यात हा विषय घरोघरीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) राज्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटारगाडी असल्याचे आढळले. देशातील हे सर्वाधिक प्रमाण होय.

म्हापशाच्या किंवा मडगावच्या शोरूममध्ये ग्राहक ‘एव्हरेज किती देते?’ असे विचारतो, तेव्हा समोरच्या गाड्यांची निवड दिल्लीत आधीच झालेली असते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे ‘कॅफे’ निकष, म्हणजे मोटारींच्या इंधनखर्चावरची मर्यादा, २०१७ पासून लागू आहेत. ते एकेका गाडीला नव्हे, तर कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व मोटारींच्या सरासरीला लागतात. पहिल्या टप्प्यात ही मर्यादा १०० किलोमीटरला सुमारे ५.४९ लिटर होती. २०२२ पासून ती ४.७७ लिटरवर आली. सरासरीचा हिशोब असल्यामुळे ग्राहकही नकळत त्यात ओढला जातो. लोकांनी जड एसयूव्ही अधिक घेतल्या की कंपनीला सीएनजी, हायब्रिड (इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या) किंवा इलेक्ट्रिक गाड्या विकून तूट भरून काढावी लागते. त्यातही एक इलेक्ट्रिक गाडी हिशोबात तीन गाड्यांइतकी धरली जाते आणि ताफ्याचे सरासरी वजन वाढले की मर्यादाही सैल होते. जड गाडी विकणाऱ्याला ही सवलत का, हा प्रश्न रास्त आहे.

एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ लागू झाले. हे मानक प्रदूषणाचे, मायलेजचे नव्हे. पण त्यासाठी लागणारी यंत्रणा लहान डिझेल गाडीला परवडेना. मारुती सुझुकीने डिझेल इंजिने बंदच केली. लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर देणाऱ्या लहान डिझेल गाड्या अशा रीतीने एका नियमाने जवळजवळ नाहीशा झाल्या.

करआकारणीत इंधनक्षमतेपेक्षा आकाराला महत्त्व आहे. चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत (डिझेल १,५०० सीसीपर्यंत) असेल तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४०, इलेक्ट्रिकला ५. मारुतीच्या ग्रँड विटारा या गाडीच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकाराचे प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. तरीही लांबी आणि इंजिन मर्यादेबाहेर गेल्याने ती ४० टक्क्यांत मोडते. मागचा भाग कापल्यासारख्या दिसणाऱ्या ‘कॉम्पॅक्ट’ गाड्या याच चार मीटरच्या रेषेची निर्मिती आहेत.

राज्याच्या हाती उरते ते इंधनावरील कर आणि अनुदान. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला आणि दर लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरला. सावंतवाडी-दोडामार्गकडची मंडळी टाकी भरायला हद्दीपलीकडे येऊ लागली. पेट्रोल स्वस्त झाल्यावर मायलेजचा आग्रह थोडा ढिला पडणारच. पुढे हा कर टप्प्याटप्प्याने पुन्हा वाढला. २०२१ च्या राज्य धोरणाने इलेक्ट्रिक वाहनांना अनुदान दिले, पण जुलै २०२२ अखेर ते थांबवण्यात आले.

गोव्यातील वाहनांत दुचाकी सर्वांत जास्त, परंतु कॅफे निकष फक्त मोटारींना लागू आहेत. इथे निर्णय पूर्णपणे घेणाऱ्याच्या खिशाचा असतो, आणि इंधन कोण भरतो यावर तो बदलतो. भाड्याने देण्याची स्कूटर मालक घेतो, पेट्रोल मात्र पर्यटक भरतो. त्यामुळे मालक किंमत आणि दुरुस्तीचा खर्च पाहतो. जानेवारी २०२४ पासून नव्या पर्यटक वाहनांना इलेक्ट्रिकची सक्ती करण्याची घोषणा मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी २०२३ मध्ये केली, ती याच वर्गाला उद्देशून होती. उलट पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणारा ‘पायलट’ स्वतःच्या कमाईतून पेट्रोल भरतो. कोणत्याही निकषाची वाट न पाहता तो गाडी घेताना आधी एव्हरेज विचारतो.