पार्श्वभूमी : कोलेस्टेरॉलचा आकडा उतरला, पण जीव वाचला का?

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या मेदाच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. त्या पाच-सहा ओळींत व्हीएलडीएल नावाची एक ओळ असते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. खरं तर हा आकडा बहुतेक वेळा कुणी मोजलेलाच नसतो. ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या मेदाच्या आकड्याला ५ने भागायचं, झालं. १७५ असेल तर व्हीएलडीएल ३५. 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणून आपण ज्याची धास्ती घेतो ते एलडीएलसुद्धा अनेक ठिकाणी याच हिशेबातून निघतं : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे 'चांगलं कोलेस्टेरॉल', वजा करायचं आणि हा भागाकारही वजा करायचा. फ्रिडेवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन यांनी १९७२ मध्ये हे सूत्र मांडलं. त्याआधी एलडीएल मोजायचं तर रक्त प्रचंड वेगाने फिरणाऱ्या यंत्रात तासन्‌तास घुसळावं लागे, आणि अशी यंत्रं मोजक्याच प्रयोगशाळांकडे होती. सूत्र आलं आणि ही तपासणी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की मात्र ते कोलमडतं, म्हणून अशा रिपोर्टवर एलडीएलची जागा कधीकधी कोरी सोडलेली दिसते.

या रिपोर्टवरची जवळपास प्रत्येक ओळ कुणीतरी अशीच खस्ता खाऊन मिळवलेली आहे. पण आकडा मोजता येणं ही सोपी बाजू होती. तो खाली आणल्याने माणूस जास्त जगतो का, या प्रश्नाने ऐंशी वर्षं घेतली.

कोलेस्टेरॉल पहिल्यांदा सापडलं ते रक्तात नव्हे, पित्ताच्या खड्यांत. अठराव्या शतकात पुलेतिए द ला साल या फ्रेंच वैद्याला खड्यांत एक मेणचट, पांढरा पदार्थ आढळला. पुढे मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने त्याचं बारसं केलं. पित्त आणि घट्ट या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने हे नाव बनवलं. १९१० मध्ये जर्मनीत आडोल्फ विंडाउसने रोगट महाधमनीच्या भिंतीवरचे थर तपासले. निरोगी भिंतीच्या तुलनेत त्यांत कोलेस्टेरॉल कित्येक पट जास्त निघालं. संशयित ठरला होता, पण प्रेताच्या धमनीत एखादी गोष्ट सापडली म्हणजे तिनेच घात केला असं होत नाही.

तीन वर्षांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव आणि सेम्यॉन खालातोव यांनी सशांवर प्रयोग केला. त्याच्या आधी इग्नातोव्स्कीने सशांना मांस, अंडी, दूध खाऊ घालून त्यांच्या धमन्या बिघडवून दाखवल्या होत्या, पण दोष प्रथिनांचा असावा असा त्याचा तर्क होता. अनिच्कोवने अंड्याच्या बलकातून शुद्ध कोलेस्टेरॉल वेगळं काढलं, ते सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलं आणि काही सशांना दिलं. दुसऱ्या गटाला नुसतं तेल. नुसत्या तेलावरचे ससे ठणठणीत राहिले. कोलेस्टेरॉल खाल्लेल्या सशांच्या धमन्यांत काही आठवड्यांतच पिवळसर पट्टे उमटले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत मेदाने टम्म फुगलेल्या पेशी दिसल्या. किती साधा आणि नेटका प्रयोग! तरी तो कित्येक दशकं बाजूला पडून राहिला. इतरांनी तोच प्रयोग उंदरांवर आणि कुत्र्यांवर केला तेव्हा काहीच घडलं नाही. ससा शाकाहारी, त्याला बलक खाऊ घालून माणसाबद्दल काय सिद्ध होणार, असा आक्षेप निघाला. कुत्रे आणि उंदीर जादा कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लांत रूपांतर करून त्याची सहज विल्हेवाट लावतात, हे तेव्हा माहीत नव्हतं.

माणसांतला पुरावा वेगळ्या दिशांनी येत गेला. १९३९ मध्ये नॉर्वेच्या कार्ल म्यूलरने अशी कुटुंबं नोंदवली, ज्यांत कोलेस्टेरॉल फार चढलेलं, स्नायुबंधांवर मेदाच्या गाठी आणि ऐन उमेदीत हृदयविकार, हे तिन्ही पिढ्यान्‌पिढ्या हातात हात घालून चालत होते. १९४८ मध्ये अमेरिकेत फ्रेमिंगहॅम या गावात ५,२०९ निरोगी माणसांची नोंदणी झाली. त्यांचं काय होतं ते वर्षानुवर्षं पाहत राहायचं, एवढंच ठरलं होतं. रक्तदाब, धूम्रपान, कोलेस्टेरॉल यांना 'जोखमीचे घटक' म्हणायची पद्धत याच अभ्यासातून रुळली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात जॉन गॉफमनने वेगाने फिरणाऱ्या यंत्रात रक्तातले मेदकण घनतेप्रमाणे वेगळे केले. कोलेस्टेरॉल रक्तात सुटं फिरत नाही, ते प्रथिनांच्या वेष्टनातून वाहून नेलं जातं, आणि कोणत्या कणांतून नेलं जातं यावर बरंच अवलंबून असतं, हे त्यातून पुढे आलं. चांगलं आणि वाईट कोलेस्टेरॉल ही आजची भाषा तिथून निघाली. रेणू दोन्हीकडे एकच, फरक फक्त वाहनाचा.

आहाराचा वाद मात्र या सगळ्यापेक्षा जास्त गाजला. अन्सेल कीज या अमेरिकी संशोधकांनी १९५३ मध्ये सहा देशांचा आलेख मांडला : आहारात चरबी जास्त, तिथे हृदयविकाराचे मृत्यू जास्त. आकडे बावीस देशांचे उपलब्ध असताना सहाच का निवडले, असं टीकाकारांनी १९५७ मध्ये विचारलं. माझ्या मते तो प्रश्न रास्तच होता. अशा आलेखांतून कारण सिद्ध होत नाही. पण ही एक कडी कच्ची होती म्हणून कोलेस्टेरॉलची सगळी गोष्टच बनाव आहे, असं आजही सर्रास सांगितलं जातं, तेव्हा पुढे घडलेलं सगळं झाकून ठेवलं जातं.

त्यात आधी घडली ती नामुष्की. ट्रायपॅरानॉल नावाचं औषध कोलेस्टेरॉल उतरवत होतं, पण मोतीबिंदू आणि केस गळणं असे दुष्परिणाम दिसले आणि १९६२ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. क्लोफायब्रेट या दुसऱ्या औषधावरच्या मोठ्या युरोपीय चाचणीचे निकाल १९७८ मध्ये आले : कोलेस्टेरॉल उतरलं, हृदयाचे जीवघेणे नसलेले झटके कमी झाले, पण एकूण मृत्यू वाढले. आकड्यावर विसंबणाऱ्यांना याहून कडक चपराक कोणती असणार? ज्या डॉक्टरांनी तेव्हा गोळ्या लिहून द्यायला नकार दिला त्यांना मी दोष देणार नाही.

कोंडी फुटली ती म्यूलरच्या त्या कुटुंबांमुळे. काही मुलांना हा दोष आई आणि वडील दोघांकडून येतो. त्यांचं कोलेस्टेरॉल ६०० ते १,०००पर्यंत जातं आणि हृदयविकाराचा झटका शाळकरी वयातच येऊ शकतो. अशी मुलं पाहून अस्वस्थ झालेल्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन तरुण डॉक्टरांनी १९७०च्या दशकात टेक्सासमध्ये रुग्णांच्या त्वचेच्या पेशी काचेच्या थाळीत वाढवल्या. निरोगी पेशींना बाहेरून एलडीएल दिलं की त्या स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं थांबवत. रुग्णांच्या पेशी मात्र कितीही एलडीएल दिलं तरी बनवतच राहत. त्यांच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडून आत घेणारी ग्राहीच नव्हती, त्यामुळे बाहेर पूर आला आहे हे आत कळतच नव्हतं. दोष फक्त एलडीएल उचलण्याचा आणि परिणाम लहानपणीच तुंबलेल्या धमन्या. एलडीएल हे नुसतं लक्षण नसून कारण आहे याचा इतका उघड पुरावा आधी नव्हता. दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं.

त्याच वर्षांत जपानमध्ये अकिरा एंडो बुरशा तपासत होते. कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) रोखणारं काहीतरी बुरशीत असेल, या अंदाजावर त्यांनी सांक्यो कंपनीत सहा हजारांवर नमुने चाळले. १९७३ मध्ये क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना काँपॅक्टिन सापडलं. उंदरांवर ते सपशेल फसलं. तेव्हा एंडोंनी एका सहकाऱ्याकडच्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते देऊन पाहिलं आणि कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं. कुत्र्यांवरच्या विषारी परिणामांच्या शंकेने काँपॅक्टिन १९८० मध्ये थांबलं, पण त्याचंच भावंड असलेलं मर्क कंपनीचं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. स्टॅटिन या गटातलं औषध यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन कमी करतं. मग कोलेस्टेरॉलची गरज भागवायला यकृत ग्राहींची संख्या वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल उचलून घेतं. ब्राऊन-गोल्डस्टीनचं आणि एंडोंचं काम इथे एकमेकांत चपखल बसलं.

मूळ प्रश्नाचं उत्तर १९९४ मध्ये आलं. नॉर्डिक देशांतले ४,४४४ हृदयरुग्ण, निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, आणि पाच वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा. निष्क्रिय गोळीच्या गटात २५६ मृत्यू, औषधाच्या गटात १८२. ७४ माणसांचा फरक. विरोधकांपैकी अनेकांचं मत या एका चाचणीने फिरलं, आणि मत फिरवायला मृतांचीच मोजणी लागावी हे मला योग्यच वाटतं. स्टॅटिन म्हणजे धोकाच नाही असं मात्र कधीच नव्हतं. याच गटातलं सेरिव्हास्टॅटिन २००१ मध्ये स्नायू विरघळण्याच्या प्रकारांमुळे बाजारातून काढावं लागलं. म्हणूनच गोळी सुरू असताना स्नायू खूप दुखू लागले किंवा लघवीचा रंग गडद झाला तर अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवायचं असतं. तेवढ्यावरून परस्पर गोळी कायमची बंद करणं हा त्यावरचा इलाज नाही. डोस किंवा औषध बदलून बहुतेकांचं निभतं.

एचडीएलच्या बाबतीत जुनी चूक पुन्हा झाली. ते वाढवणारं टोरसेट्रापिब हे औषध आलं, आकडा भरघोस वाढला, आणि त्या गटात जास्त माणसं दगावल्याने २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. तेव्हापासून एचडीएल वाढवण्यासाठी गोळी देण्याचा उत्साह ओसरला. ट्रायग्लिसराइडची तऱ्हा वेगळी : ते ५००च्या वर गेलं की आधी स्वादुपिंडाला सूज येण्याची काळजी करावी लागते, आणि मागे बऱ्याचदा आटोक्यात नसलेला मधुमेह, दारू किंवा मंदावलेलं थायरॉइड असतं. तिथे गोळीच्या आधी कारण शोधतात.

हेलेन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो. पीसीएसके९ या जनुकातल्या बिघाडांमुळे काही कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल जन्मापासूनच सरासरी २८ टक्के कमी होतं. त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आढळलं. उतारवयात सुरू केलेल्या गोळीने एलडीएल एवढंच उतरलं तर फायदा याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे एलडीएल किती आहे याइतकंच ते किती वर्षं धमन्यांवर आदळत राहिलं हेही महत्त्वाचं. संपृक्त चरबी कमी करणं, कारखान्यात तयार होणारी ट्रान्स चरबी टाळणं, विरघळणारा तंतू वाढवणं यांनी आकडा थोडाच हलतो, पण तो तरुणपणापासून हलला तर हिशेब बदलतो. या जनुकाच्या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं २०१५ पासून वापरात आहेत. आता हृदयविकार होऊन गेलेल्यांचं एलडीएल ७०च्या, तर युरोपीय मार्गदर्शनानुसार ५५च्या खाली ठेवायला सांगतात, त्याला या संशोधनाचाही आधार आहे.

रिपोर्टवर अलीकडे आणखी एक ओळ दिसू लागली आहे, लायपोप्रोटीन-ए. ओस्लोच्या कोरे बर्ग यांना हा कण १९६३ मध्येच सापडला होता. त्याची पातळी मुख्यतः आनुवंशिक असते, खाण्यापिण्याने फारशी बदलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासली तरी सहसा पुरतं. घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ही तपासणी जरूर विचारून करून घ्यावी. ती पातळी ८० टक्क्यांहून अधिक उतरवणारी इंजेक्शनं तयार झाली आहेत. आणि आकडा उतरल्याने झटके खरोखर टळतात का, हे पाहण्यासाठी हजारो हृदयरुग्णांवर चाचण्या हाती घेतल्या गेल्या आहेत.